दहा महिने वापरलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: आवाज गोड, पण आधी अर्थिंग बघा

दिवाळीत साडेनऊ हजारांना ऑनलाइन मागवला. आत काचेचे व्हॉल्व्ह, एक ईसीसी83 आणि दोन ईएल84, चॅनेलला चार-पाच वॅट. आमच्या कौलारू घराच्या ओटीवर तेवढे पुरतात. नाट्यगीतातला ऑर्गन आणि तबल्याची चाट इतकी मोकळी मी याआधी घरात ऐकली नव्हती. आवाजाबद्दल तक्रार नाही.

तक्रार मृगाच्या पहिल्या पावसात सुरू झाली. आई अंगणातून ओल्या पायांनी आली, आवाज कमी करायला बटणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "हाताक झिणझिणता रे!" थंडीभर आम्ही चपला घालून, खुर्चीत बसून ऐकत होतो, म्हणून कुणाला कळलंच नाही. मी टेस्टर घेतला आणि बटणाच्या स्क्रूला टेकवला. दिवा लख्ख लागला. ज्या बटणाला आई रोज हात लावते, त्याच बटणाला. माझ्या पोटात गोळा आला.

शेजारच्या वायरमन काकांना बोलावून खालचं झाकण उघडलं. प्लग तीन पिनांचा, केबलमध्ये अर्थची हिरवी वायरही होती. पण तिचं टोक चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जिथं कसलं होतं तिथं काळा रंग तसाच होता, म्हणजे धातूला धातू लागलेलाच नव्हता. शिवाय घरघर कमी करायला फेजपासून चेसिसपर्यंत 0.01 मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) टाकलेला. त्यातून 230 व्होल्टवर साधारण 0.7 मिलिअँपिअर करंट येतो. झिणझिण्या यायला तेवढा पुरतो, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, एवढ्याला पडत नाही. खरी भीती पुढची: तो कपॅसिटर शॉर्ट झाला की अख्ख्या चेसिसवर थेट फेज. खाऱ्या, दमट हवेत स्वस्त मालाचा काय भरवसा? फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलमध्ये होते. म्हणजे स्विच बंद केला तरी आत फेज जिवंत.

आजोबांचा जुना रेडिओ आठवला. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नव्हता, चेसिस थेट लाइनला जोडलेलं. पण बनवणाऱ्याला ते माहीत होतं. बॅकेलाइटची पेटी, बटणं बॅकेलाइटची, आणि बटणाच्या स्क्रूचं भोक मेणानं बुजवलेलं. लहानपणी ते मेण नखानं उकरलं म्हणून मी मार खाल्लाय. इथं मात्र बटण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं आणि स्क्रू उघडा.

आणखी एक. तपासताना व्हॉल्व्ह काढून ठेवले होते. प्लग काढून पाच मिनिटं झाली तरी मीटर मुख्य कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाखवत होता. व्हॉल्व्ह गरम असले तर चार्ज त्यांच्यातूनच उतरतो, काढलेले किंवा थंड असले की तो तसाच राहतो. चार्ज उतरवायला रेझिस्टर हवा, तो नव्हताच. आम्ही 220 किलोओमचा 2 वॅटचा लावला, आता दीड-दोन मिनिटांत उतरतो. ज्यांना हे काम येत नाही त्यांनी झाकण उघडू नका, जाणकाराकडे द्या.

रंग खरवडून दातेरी वॉशर घातला, अर्थ घट्ट कसला. फ्यूज आणि स्विच फेजमध्ये घेतले. तो कपॅसिटर काढून वाय2 दर्जाचा बसवला, तो बिघडला तरी शॉर्ट न होता उघडा पडेल असा बनवलेला असतो. सामानाचा खर्च तीनशेच्या आत. मग काकांनी घराचाच अर्थ तपासला, तर तोही नावापुरता. जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो, खड्ड्यातला कोळसा-मीठही वाळून गेलं होतं. नवा खड्डा विहिरीच्या बाजूला, ओलाव्यात घेतला.

गणपतीत पाच दिवस आरत्या आणि भजनं यावरच लागली. आई अनवाणीच बटण फिरवते, टेस्टर आता लागत नाही.

देवगडच्या मावसभावानं माझं ऐकून हाच अ‍ॅम्प घेतला, त्याचं मला फार लागलंय. व्हिडिओ कॉलवर त्याच्या वायरमनकडून झाकण उघडून घेतलं. तोच रंग, तीच वायर, फ्यूज न्यूट्रलमध्येच. प्लग काढून ठेवायला सांगितलाय. रविवारी वॉशर आणि कपॅसिटर घेऊन जातोय.