‘सोड’ म्हटल्यावर न सोडणारा राखणीचा कुत्रा

रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागायतदारांना विहिरीवरील मोटारीच्या केबलची आणि ठिबकच्या नळ्यांची चोरी नवीन नाही, आणि या धास्तीवरच ‘पूर्ण प्रशिक्षित’ कुत्रे विकणाऱ्यांचा धंदा चालतो. अशाच एका विक्रेत्याकडून आम्ही ८५ हजार रुपयांना जर्मन शेफर्ड नर घेतला.

प्रात्यक्षिकात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मदतनिसाच्या हातावरील तागाची जाड बाही कुत्र्याने धरली, विक्रेत्याने ‘सोड’ म्हटले आणि जबडा तत्क्षणी उघडला. त्या वेळी विक्रेत्याचा डावा हात खिशात होता आणि कुत्र्याच्या गळपट्ट्यावर एक काळी डबी होती. ती जीपीएसची असल्याचे त्याने सांगितले. बांधून ठेवायच्या कुत्र्याला जीपीएस कशाला, याचे ‘चोरीला गेला तर सापडतो’ हे उत्तरही त्याच्याकडे तयार होते. ताबा देताना त्याने तो पट्टा काढून साधा चामडी पट्टा घातला. पुढे आंघोळ घालताना कुत्र्याच्या गळ्याखालच्या दाट केसांत शेजारीशेजारी दोन गोल खपल्या हाताला लागल्या.

त्यांचा उलगडा झाला तो आमच्या सालदाराचा मेहुणा रात्रीच्या विजेवर पाणी भरायला आला तेव्हा. कुत्र्याने त्याचा हात स्वेटरसकट धरला, आणि आम्ही जितके ओरडलो, ओढले, तितकी पकड घट्ट होत गेली. अखेर शेजारच्या मळ्यातील एक निवृत्त जवान, ज्यांनी मेरठच्या लष्करी केंद्रात श्वानहाताळणी शिकली होती, धावून आले. त्यांनी गळपट्टा दोन्ही हातांनी धरून, हिसका न देता, सरळ वर उचलून धरला तेव्हा जबडा सैल झाला. जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लसीचे सर्व डोस पूर्ण करून घेतले.

खपल्या पाहून त्यांनी सांगितले की, त्या विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याच्या दोन टोकांच्या आहेत. कुत्रा शब्दाला नव्हे, खिशातल्या रिमोटला सोडत होता. अशा कुत्र्याला पट्टा केव्हा गळ्यात आहे आणि केव्हा नाही, हे नेमके कळते. शिवाय या कामासाठी जोपासलेल्या वंशांत धरून ठेवणे हेच कुत्र्याचे बक्षीस असते आणि सोडले की ते संपते, म्हणून तो मुळात सोडायला नाखूश असतो. आपण ओढू लागलो की त्याला सावज निसटत असल्यासारखे वाटते आणि तो अधिक जोर लावतो. धरलेले असतानाच दुखापत केली, तर ती समोरच्या माणसाकडून झाली असे समजून काही कुत्रे आणखी आवळतात, तर ज्याला सोडल्यावर मार बसलेला असतो तो भीतीपोटी सोडत नाही. योग्य शिक्षणात वस्तू निश्चल धरली जाते आणि सोडताच लगेच पुन्हा धरायला मिळते, त्यामुळे सोडण्यात तोटा नाही हे कुत्र्याला पटते. मात्र हे वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या माणसांकडून घोटून घ्यावे लागते.

म्हणून कुत्रा पाहायला जाल तेव्हा आपण नेलेला साधा पट्टा घालायला लावा, दोरी सैल ठेवा, विक्रेत्याचे दोन्ही हात दिसू द्या आणि, कुत्र्याची तुमच्याशी ओळख झाल्यावर, ‘सोड’ हा शब्द तुम्ही उच्चारा. मदतनिसाने बाही हातातून काढून दिली आणि कुत्रा ती तोंडात घेऊन चालू लागला, तर त्याने काहीच सोडलेले नाही, हे ध्यानात घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळीचा असतो, प्रशिक्षणाचा नव्हे. विक्रेता स्वतः पैदास करत असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार राज्य पशू कल्याण मंडळाकडे त्याची नोंदणी आवश्यक आहे. ती दाखवायला सांगा.

आमच्या पावतीवर जात, रंग आणि रक्कम एवढेच आहे, ‘प्रशिक्षित’ हा शब्द नाही, आणि विक्रेत्याचे म्हणणे आहे की आम्हाला कुत्रा हाताळता येत नाही. प्रशिक्षणाचे आश्वासन मात्र त्याने मोबाइलवरील संदेशांत लेखी दिले होते. ते संदेश आणि पशुवैद्यकांचा खपल्यांबाबतचा अहवाल जोडून आम्ही जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे विक्रेता परजिल्ह्यातला असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते.