तयार चौकटीचं दार: दार सरळ, भिंत तिरकी

बाबांचा जन्म सुतारकामात गेला. त्यांच्या लेकीने चौकटीत बसवूनच येणारं तयार दार मागवायचं, म्हणजे शिंप्याच्या घरात तयार सदरा आणण्यातला प्रकार. खोकं उघडलं तेव्हा ते खुर्चीत बसून नुसतं बघत होते. बिजागऱ्या बोटाने चाचपल्या, फळीवर टकटक केली आणि म्हणाले, "दार तयार आहे गं. भिंत तयार आहे का?"

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. एक तारा स्क्रूंनी खाल्ला, अर्धा सूचनापत्रकाने.

आधी चांगलं सांगते. जुन्या पद्धतीत चौकट आधी बसते, मग फळी रंधून तिच्यात बसवायची, मग पटाशीने बिजागरीची घरं पाडायची. एक घर जरा खोल गेलं की दार अडलंच. इथे हे सगळं कारखान्यात झालेलं असतं. फळी आणि चौकट यांच्यामधली फट तिन्ही बाजूंनी बरोब्बर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबांनी कार्डाचा तुकडा दुमडून वरून खालपर्यंत फिरवला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

पण ही फट फक्त खोक्यात पक्की असते. चौकट भिंतीत उभी करताना ती जराशी पिळली की कारखान्याची सगळी मेहनत वाया. त्यामुळे खरं काम राहतं ते चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ठोकायच्या पाचरांचं.

माझी फळी 30 इंची, चौकटीचं बाहेरून माप पावणेबत्तीस. भिंतीतली मोकळी जागा वर साडेबत्तीस भरली, खाली सव्वाबत्तीस. जागा तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी भरेल तेच खरं माप धरा. लाद्याही पाणसळीत नव्हत्या, बिजागरीकडची बाजू दोन सूत उंच होती. म्हणून तिकडचा चौकटीचा पाय दोन सूत कापला. हे न करता वरची आडवी पट्टी पाचरा ठोकून सरळ करायला गेलात तर दिवस जाईल.

ओळंबा धरायचा तो बिजागरीच्या बाजूला, आणि तिथूनच सुरुवात. प्रत्येक बिजागरीच्या मागे दोन पाचरा, एक या बाजूने, एक त्या बाजूने, म्हणजे मिळून सपाट ठोकळा होतो. एकच पाचर ठोकली तर चौकट तिरकी दाबली जाते. खोक्यात पाचरा आल्या आठ. तीन बिजागऱ्यांनाच सहा लागतात, मग कुलपाच्या बाजूला काय ठोकायचं? उरलेल्या बाबांनी जुन्या फळीतून कापून दिल्या.

आता माझी चूक. फळी बंद धरायला कारखान्याने प्लॅस्टिकची पट्टी लावलेली असते. ती मी उचलायला सोपं जावं म्हणून आधीच काढली. चौकट उभी करताना फळी भसकन उघडली आणि सगळं माझ्या अंगावर. वरचे दोन स्क्रू बसेपर्यंत पट्टी काढू नका, हे पत्रकात आहे, शेवटच्या पानावर. डावं-उजवं दार ओळखायचं कसं, हे तर कुठल्याच पानावर नाही. (बिजागरीला पाठ लावून चौकटीत उभं राहायचं. दार उजव्या हाताला उघडलं तर उजवं.)

सगळं सरळ बसलं असं वाटल्यावर दार लावून पाहिलं. वर टेकतंय, खाली मात्र चौकटीवरच्या दार अडवणाऱ्या पट्टीपासून दोन सूत लांब. मला वाटलं फळीच वाकडी आलीय, परत पाठवायची. बाबा पहिल्यांदा खुर्चीतून उठले. चौकटीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणल्या. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकायला हव्यात, माझ्या दोऱ्यांमध्ये फट. म्हणजे भिंतीची एक बाजू खोलीकडे झुकलेली, दुसरी सरळ. उपाय त्यांनीच सांगितला: एक पाय खालून सूतभर आत, दुसरा सूतभर बाहेर. दार बसलं. भिंतीशी पडलेला फरक कडेच्या पट्ट्यांनी झाकला.

स्क्रूंबद्दल बोलायलाच हवं. बिजागरीला आलेले स्क्रू पाऊण इंचाचे, नुसते चौकटीच्या लाकडात शिरणारे. फळीचं वजन वरच्या बिजागरीवर येतं, आणि काही दिवसांनी कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला घासू लागतो. मी वरच्या बिजागरीतला एक स्क्रू काढून तीन इंची घातला, पाचरेतून थेट भिंतीत. वीटकाम असेल तर आधी गट्टी ठोका. एवढा एक लांब स्क्रू खोक्यात टाकायला काय झालं होतं?

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फोम भरणार असाल तर दारा-खिडक्यांसाठीचा कमी फुगणारा घ्या. मी घरातला साधा मारला. सकाळी कुलपाकडची चौकट पोटाशी फुगून फट अर्ध्या सुतावर आली होती. करवतीच्या पात्याने फोम कापून काढण्यात अख्खी सकाळ गेली. दुसऱ्यांदा भरताना दार बंद ठेवून फळी-चौकटीच्या फटीत पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले.

फळी पोकळ आहे, आत पुठ्ठ्याची जाळी. हलकी म्हणून बसवायला सोपी, पण पलीकडचं बोलणं ऐकू येतं आणि मध्यभागी खुंटी धरत नाही. शांतता हवी असेल तर भरीव घ्या, आणि उचलायला माणूस बोलवा.

बसवून झाल्यावर बाबांनी दार अर्धवट उघडून सोडलं. जिथे सोडलं तिथेच थांबलं. मग थोडं आणखी उघडून सोडलं. तिथेही थांबलं. "ओळंब्यात आहे," म्हणाले, आणि लगेच खाली वाकून फळीची खालची कड बोटाने चाचपली. कोरडं, कच्चं लाकूड. रंगाचा हात तिथे मारलेलाच नव्हता, ओल लागली की फुगणार. बिजागऱ्यांच्या मधल्या पिना काढून फळी पुन्हा आडवी केली आणि दोन हात मारले. तुम्ही खोक्यातून काढल्या काढल्याच मारा.