जळगाव-मुंबई : विमान का रेल्वे?

मामेभाऊ परवा विचारत होता, दादरला आईला डॉक्टरकडे न्यायचंय, विमानाने जाऊ का गाडीने. आता नकाशावर सरळ रेघ मारली तर जळगाव-मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण रूळ नाशिककडून वळसा घेत जातात म्हणून रेल्वेने सीएसएमटी ४२० किलोमीटर पडतं.

वेळेचं बघ. एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान, सव्वा तासात पोचवतं, पण घरून कुसुंब्याच्या विमानतळावर जा, तासभर आधी पोच, तिकडे बॅगेची वाट बघ, मग ट्रॅफिकमधून दादर, झाले की चार-साडेचार तास! राजधानी पाचेक तासांत मुंबईत सोडते, बाकी एक्सप्रेस सात-आठ. म्हणजे फरक राजधानीशी फारसा नाहीच.

भरवशाचं म्हणशील तर विमान रोज असेलच असं नाही, वार बघूनच ठरव. गाड्या दिवसभर आहेत, फक्त दिवाळीत वेटिंग.

सामान हा माझा वीक पॉइंट. मी जाताना भरताची वांगी, कळण्याचं पीठ, केळ्यांचा अर्धा घड, सगळं सीटखाली सारतो, विमानात १५ किलोच्या वर गेलं की पैसे मोजा.

तरी मामीचे गुडघे दुखतात ना, तिला जिना चढवत प्लॅटफॉर्म बदलण्यापेक्षा विमानच बरं, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव. तू एकटा असशील तर रात्रीची गाडी पकड, झोपून जा, सकाळी दादर.