निक्सी ट्यूबच्या नावाखाली माझे १०,५५० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

नागपुरात निक्सी घड्याळ, म्हणजे काचेच्या ट्यूबमध्ये नारिंगी उजेडाने आकडे दाखवणारं जुन्या पद्धतीचं घड्याळ, बनवणारे कोणी असाल तर हे वाचाच. लाज वाटतेय, पण तोच माणूस उद्या तुम्हालाही गाठेल.

माझा बोर्ड तयार होता. १२ व्होल्टचे १७० करणारं सर्किट, ट्यूबमधले आकडे पेटवणारी के१५५आयडी१ चिप, सगळं स्वतः सोल्डर केलेलं. अडलं होतं सहा आयएन-१२ ट्यूबांवाचून. सोव्हिएत काळातल्या या ट्यूब आता बनत नाहीत, जुना साठाच फिरतो. सीताबर्डी पालथी घातली, कुठे मिळाल्या नाहीत. मग ऑनलाइन भेटलेला एक जण म्हणाला, "दादा, युक्रेनचा माल आहे, सहा पीस ८,४००." ट्यूब लावलेल्या घड्याळाचा व्हिडिओही पाठवला. मी पैसे टाकले. आठवड्याने 'कस्टममध्ये अडकलंय' म्हणून आणखी २,१५०. नंतर फोन बंद.

तो व्हिडिओ आता बघितला की डोकं फिरतं. त्यात १२:२५ वाजलेत. आयएन-१२ मध्ये पाचाचा आकडा म्हणजे दोनाचाच आकडा उलटा लावलेला असतो, हे मला पाठ आहे! आणि त्यात दोनाच्या शेजारीच, डावीकडे उभी दांडी असलेला नीट छापील पाच लखलखत होता. म्हणजे ट्यूब दुसऱ्याच, घड्याळही दुसऱ्याच कुणाचं. पण इतकी वर्षं शोधलेली वस्तू नारिंगी उजेडात समोर दिसत असताना पाचाची दांडी कोण तपासतं?

ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच भरायची नसते. मागणी आली की तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यात नोंदवा. एक साहेब ट्यूबचा फोटो बघून म्हणाले, "काका, बल्बसाठी एवढे पैसे?" बल्ब असो की सोनं, चोरी ती चोरी! आरोपी दुसऱ्या राज्यातला, हद्द आमची नाही, हेही ऐकवलं. अहो, नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकला.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, सकाळची वाट बघू नका. विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर ट्यूब पेटवायला लावा, शून्य ते नऊ सगळे आकडे. आणि बँकेला अर्ज लेखीच द्या, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.