बटणाचा फोन, लिमिट लावलेला स्मार्टफोन की जागेवर ठेवायचा फोन: तिन्ही वापरून बघितले

कोल्हापुरात गंगावेशीत वडिलांबरोबर धारोष्ण दूध प्यायला गेलो होतो. ग्लास हातात आला तेव्हा वर बोटभर फेस होता, तेवढ्यात एक मेसेज आला म्हणून फोन काढला, मेसेजवरनं रील, त्यातनं दुसरं रील, आणि ग्लास तोंडाला लावला तेव्हा फेस पार बसलेला आणि दूध गार. वडील आपला रिकामा ग्लास परत देऊन शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. ते न बोलणंच मला लै लागलं. घरी येऊन ठरवलं, हे कमी करायचंच.

आधी दोन महिने लिमिट, मग दीड महिना नुसता बटणाचा फोन, आणि आता तिसरी पद्धत. तुम्ही पण ठरवायच्या बेतात असाल तर खर्च करायच्या आधी हे वाचा.

लिमिटला पैसे लागत नाहीत म्हणून सगळे तिथनंच सुरू करतात. अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमधलं स्क्रीन टाइम, दोन्ही २०१८ पासून आहेत. मी रीलवाल्या अ‍ॅपला अर्धा तास दिला, वेळ संपली की अ‍ॅप करडं पडतं. पण ते लिमिट काढायला पण आपलाच अंगठा लागतो ना, तिसऱ्या दिवसापासनं मी ते काढायला लागलो. आयफोन असेल तर पासकोड बायकोला किंवा भावाला टाकायला सांगा, तरच उपयोग. त्यापेक्षा स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट केल्याचा फायदा मला जास्त झाला, रंग गेला की ओढ खरंच कमी होते.

बटणाचा फोन म्हणजे सरळ तोडून टाकणं. पहिले चार दिवस हात सारखा खिशाकडं जायचा, मग जायचा थांबला, झोप सुधारली, चार्जर कुठं ठेवलाय तेही विसरलो. पण घेताना एक बघा, जिओचं कार्ड असेल तर जुना टूजी हँडसेट चालत नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही, फोरजी कीपॅड फोनच घ्यावा लागतो. बँकेचा आणि आधारचा ओटीपी एसएमएसनं येतो त्यामुळं ते काही अडत नाही. पैसे द्यायला नेटशिवाय चालणारा *९९# हा नंबर आहे, शिवाय रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलंय, पण कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना मागं माणसं थांबलेली असताना ते जमत नाही, खिशात सुट्टे ठेवायचे.

माझं अडलं ते धंद्यात. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे, गिऱ्हाईक तुटलेल्या शाफ्टचा फोटो काढतं, त्यावर पेननं माप लिहितं आणि व्हॉट्सअ‍ॅपला टाकतं. ते फोनवर तोंडी सांगून होत नाही, मिलिमीटरभर चुकलं की माल भंगारात. मुलीच्या शाळेचं पण सगळं ग्रुपवरच, एक पालकसभा त्यातच चुकली. आणि पावसाळ्यात तर अजून अवघड. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला तो आकडा तासातासाला हवा असतो, मी मात्र एकेकाला फोन करून विचारत बसलो होतो.

म्हणून आता असं करतोय. स्मार्टफोन शॉपमध्ये टेबलाच्या खणात, घरी आला की दाराजवळच्या फळीवर चार्जिंगला, तिथनं हलवायचा नाही, बघायचा तर उभं राहून बघायचा. खिशात दुसऱ्या सिमचा बटणाचा फोन, आणि मोठ्या फोनवरचे कॉल त्यावर फॉरवर्ड. एसएमएस मात्र फॉरवर्ड होत नाहीत, म्हणून ओटीपीची कामं शॉपमध्येच उरकतो. दुसऱ्या रिचार्जचा खर्च वाढतो, पण मला हेच टिकलंय, कारण इथं मिनिटं मोजायची नाहीत, फोन लांब आहे एवढंच.

घरातले सगळे मिळून करणार असाल तर अजून सोपं जातं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली, अख्खं गाव एका वेळी. एकट्यानं फोन ठेवला आणि बाकीचे बघत बसले तर ठेवणाऱ्याचा जीव तिकडंच राहतो.

बारावीला किंवा स्पर्धा परीक्षेला बसलेल्यानं सरळ बटणाचा फोन घ्यावा, क्लासचे व्हिडिओ घरच्या लॅपटॉपवर बघावेत. डिलिव्हरी करणाऱ्याचं, अ‍ॅपवर रिक्षा चालवणाऱ्याचं पोट फोनवरच आहे, त्यानं लिमिट आणि ब्लॅक अँड व्हाइट एवढंच करावं. दुकानदार, वर्कशॉपवाले, घरून काम करणारे, यांना माझी तिसरी पद्धत सांगीन.

आणि फोन बदलायच्या आदल्या रात्री सगळे नंबर वहीत उतरवून घ्या. मी लिहायला बसलो तेव्हा कळलं की बायकोचा नंबर पाठ आहे, वडिलांचा नाही. आता तो पाठ केलाय, आणि गंगावेशीला निघताना त्यांना बटणाच्या फोनवरनंच लावतो.