शॉवर ट्रे, कापलेली कड आणि दुसऱ्याच घराचा फोटो

आमचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीनंतर सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून अंघोळीला जायचं म्हटलं की त्यांचे हात थरथरायचे. म्हणून ओली जागा वेगळी करायचं ठरवलं. पाइपांच्या डक्टची भिंत आणि कमोडजवळची भिंत यांच्यामध्ये तीन फुटांचा कोनाडा आहे. तिथे शॉवर ट्रे, म्हणजे उभं राहून अंघोळ करायचा तयार उथळ तळ, बसवायचा, धरायला दांडी लावायची, म्हणजे बाकीची फरशी कोरडी राहील.

ओळखीतून एक ठेकेदार मिळाला. एकूण 1,35,000 रुपये ठरले. त्यात ट्रेचे 18,500 आणि वॉटरप्रूफिंगचे 14,000 वेगळे लिहिलेले होते. 50,000 उचल दिली. त्याने जुन्या टाइल्स आणि गिलावा फोडला, विटेपासून विटेपर्यंत टेप लावला, 927 मिलिमीटर भरलं आणि 900 चा ट्रे मागवला. माप एकदाच घेतलं, तेही मधोमध. गिलावा दोन्ही बाजूंनी 15-15 मिलिमीटर चढणार, शिवाय जुन्या इमारतीत दोन भिंती समांतर क्वचितच असतात, हे त्याला माहीत असणारच. मला तेव्हा माहीत नव्हतं. गिलावा झाल्यावर आत 897 उरले आणि तोंडाशी 891.

अशा वेळी काय करायचं असतं ते आता शिकले आहे. ट्रेच्या उंचीवर गिलाव्यात झरी मारायची आणि ट्रे त्या खाचेत सरकवायचा. आमच्या ट्रेला भिंतीकडच्या तिन्ही बाजूंना उभी कड होती. ती भिंतीत जाते आणि टाइल तिच्यावरून खाली उतरते. टाइलवरून ओघळलेलं पाणी मग ट्रेमध्येच पडतं. फटीत भरलेलं सिलिकॉन पुढे-मागे सुटलं तरी ती कड पाणी अडवते. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

आम्हाला त्याच सुमारास दोन दिवस निफाडला लग्नाला जायचं होतं. तारखा त्याने आधीच विचारून घेतल्या होत्या. लग्नघरी असताना त्याचा फोटो आला, जमिनीवर काळं कोटिंग फासलेलं. पाठोपाठ फोन. "ताई, वॉटरप्रूफिंग झालं बघा. साठ हजार टाका, नाहीतर टाइल्सवाले दुसरीकडे जातील. सिंहस्थाची कामं निघालीत, माणसं टिकत नाहीत." 2027 च्या सिंहस्थासाठी शहरभर कामं सुरू आहेत, गवंडी मिळत नाहीत ही गोष्ट खरीच, त्यामुळे मला शंका आली नाही. मांडवात उभ्या उभ्या पैसे पाठवले. परत आलो तर टाइल्स लागलेल्या, ट्रेच्या कडेने पांढरं सिलिकॉन ओढलेलं, सगळं चकचकीत. सासूबाईंना इतका आनंद झाला की उरलेले 25,000 मी त्याच संध्याकाळी दिले.

पहिल्या महिन्यापासून ट्रेवर पाय ठेवला की मधे किंचित दबायचा. फोन केला तर म्हणाला, "नवीन आहे ताई, बसेल हळूहळू." हे साफ खोटं होतं. नीट टेकलेला ट्रे दबत नाही. दबतो तो खालून पोकळ असतो, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीने कडेचं सिलिकॉन थोडं थोडं सुटत जातं. तुमच्याकडे असं होत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

जूनमध्ये खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "वहिनी, आमच्या न्हाणीच्या छताला ओल आलीय, पोपडे पडतायत." ठेकेदाराला बोलावलं. तो आला नाही. फोनवरच सांगितलं की पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय, सोसायटीला सांगा. आम्ही सोसायटीकडे गेलो, त्यात महिना गेला. मग जुलैमध्ये आम्ही आठ दिवस गावी होतो. नाशकात त्या आठवड्यात पाऊस चांगलाच झाला, तरी काकांचं छत वाळत आलं. आम्ही परतून अंघोळी सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी ओल पुन्हा दिसली. डागही छताच्या मध्यावर होता, बाहेरच्या भिंतीपासून लांब. पावसाचा काही संबंध नाही हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

पंचवटीतल्या एका वयस्कर गवंडीकाकांना आणलं. त्यांनी टिकावाला हात लावायच्या आधी ट्रेवर बोटाने टकटक केली. चार कोपऱ्यांत आवाज घट्ट, मधे सगळा पोकळ. "ताई, याच्या पोटात काहीच नाही," एवढंच म्हणाले. ट्रे उचलला तेव्हा खाली टाइल्सचे तुकडे, विटांचे रोडे आणि सिमेंटच्या मालाचे पाच गोळे होते. डाव्या बाजूची उभी कड कटरने सरळ उडवलेली होती. आत तीन आणि तोंडाशी नऊ मिलिमीटर कमी पडायची अडचण ठेकेदाराने अशी मिटवली होती. आणि जमिनीवर कोटिंग नव्हतंच. एक थेंबही नाही. जुन्या कोब्यावर थेट ट्रे.

मी फोनमधला तो फोटो काढून पुन्हा पाहिला. त्यात खिडकी डाव्या हाताला आहे. आमच्या बाथरूमला खिडकी उजवीकडे आहे. लग्नाच्या गडबडीत हे माझ्या नजरेतून सुटलं, आणि त्याने नेमकी तीच वेळ निवडली होती. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. माणूस चुकतो, माप चुकतं, हे मी समजू शकते. पण दुसऱ्याच्या घराचा फोटो दाखवून पैसे घेणं ही चूक नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या पायाखाली त्याने पोकळ जागा ठेवली होती.

गवंडीकाकांनी दुसऱ्यांदा जे केलं ते मी स्टूल टाकून बसून पाहिलं. रुंदी तीन ठिकाणी मोजली, कर्णही मोजले, काटकोनाचा गुण्या लावून कोपरे पाहिले. जमीन आणि भिंतीचा खालचा एक फूट यांना कोटिंगचे दोन हात दिले, मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालचं, तोंड बंद करून 48 तास पाणी भरून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी रोज छत पाहून होकार दिला, तेव्हाच पुढचा हप्ता दिला. नवा ट्रे पूर्ण मालावर दाबून बसवला, लेव्हल लावली, कड झरीत घातली, मग टाइल्स आणि सगळ्यात शेवटी सिलिकॉन. टाइल आणि ट्रे यांच्यात तीन मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली होती, ती त्याने भरून घेतली. काकांच्या छताच्या रंगासकट आमचे आणखी 82,000 गेले.

ठेकेदाराकडून पावती म्हणून एक चिठ्ठी होती, पण पैसे बँकेतून गेलेले आणि फोटो व फोन नंबर शाबूत होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर न आल्याने जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ट्रे काढतानाचं पूर्ण चित्रीकरण आणि गवंडीकाकांचा लेखी जबाब जोडला आहे.

त्या फोटोत काळं कोटिंग, डावीकडे जाळीची खिडकी आणि कोपऱ्यात कान तुटलेली निळी बादली दिसते. नाशिकमध्ये आणखी कुणाला काम चालू असताना असाच फोटो आला असेल, तर तो पुसू नका आणि पुढचे पैसे देण्याआधी घरी जाऊन जमीन बघून या.