नव्या संघाचं सीझन तिकीट घ्यावं का? एव्हरेट सिल्व्हरटिप्सच्या पहिल्या हंगामाचा वापरानंतरचा अनुभव

कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या चिलिवॅकला वेस्टर्न हॉकी लीगचा (बर्फावरच्या हॉकीची लीग) नवा संघ २०२६-२७ पासून खेळणार हे जाहीर झाल्यापासून सरे-अ‍ॅबट्सफर्डकडच्या ओळखीच्या मंडळींचा एकच प्रश्न येतोय: अगदी नव्या संघाचं पूर्ण हंगामाचं तिकीट घेण्यात अर्थ आहे का? माझं उत्तर हो आहे. एव्हरेट सिल्व्हरटिप्सच्या पहिल्या हंगामात, सप्टेंबर २००३ पासून मे २००४ पर्यंत, आम्ही ते तिकीट पुरेपूर वापरलं. पुढचे काही हंगामही घेतलं. तरी खरा कस लागला तो त्या पहिल्या आठ महिन्यांत, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही ज्युनियर लीग आहे, १६ ते २० वयाच्या मुलांची. कॅनडाचे पश्चिमेकडचे प्रांत आणि अमेरिकेतली वॉशिंग्टन, ऑरेगन ही राज्यं मिळून २००३ साली लीगमध्ये १९ संघ होते, एव्हरेट विसावा. सिएटलच्या उत्तरेला तासाभराच्या आत पोचता येणारं हे कष्टकऱ्यांचं शहर: बोइंगचा प्रचंड कारखाना, नौदलाचा तळ, तेव्हा चालू असलेली कागदाची गिरणी. ह्युइट अ‍ॅव्हेन्यूवर नवं कोरं एव्हरेट इव्हेंट्स सेंटर उभं राहिलं, आज त्याला एंजल ऑफ द विंड्स अरीना म्हणतात. हॉकीला आठ हजारांच्या आसपास माणसं बसतात. एनएचएलचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगचा, सामना पाहायला तेव्हा आम्हाला सीमा ओलांडून व्हँकुव्हर गाठावं लागायचं. इथे संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघालं तरी पहिला पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) पडायच्या आत खुर्चीत.

नवा संघ तयार कसा होतो, हे कळलं की तिकिटाची किंमत वेगळी वाटू लागते. जुने संघ आपले ठरावीक खेळाडू राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नव्या संघाने निवड करायची. म्हणजे ज्यांच्यावाचून आपलं अडत नाही असं कुणीतरी ठरवलेली मुलं. त्यात तेव्हा युरोपातून दोघंच घेता यायचे आणि वीस वर्षांचे जास्तीत जास्त तिघं. म्हणूनच पहिल्या हंगामात मार खाणं गृहीत धरलेलं असतं. ओंटारियोच्या लीगमध्ये मिसिसॉगा आइसडॉग्जने १९९८-९९ च्या पहिल्या हंगामात ६८ पैकी चारच सामने जिंकले. आमच्या दोनच वर्षं आधी लीगमध्ये आलेल्या व्हँकुव्हर जायंट्सने ७२ पैकी १३.

एव्हरेटने पहिल्याच वर्षी ३५ सामने जिंकले, ८० गुण मिळवले आणि अमेरिकन संघांच्या यूएस डिव्हिजनमध्ये पहिला नंबर काढला.

हे घडलं प्रशिक्षक केव्हिन कॉन्स्टंटाइन यांच्यामुळे, असं मी ठामपणे म्हणेन. हे गृहस्थ एनएचएलमध्ये प्रशिक्षक होते. १९९४ मध्ये त्यांच्या सॅन होझे शार्क्सने अव्वल मानांकित डेट्रॉइटला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. अशा माणसाने टाकून दिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना घेऊन बसावं, हेच मला फार मोठं वाटतं. त्यांची पद्धत बचावाची. आपल्या हद्दीत घुसलेल्या खेळाडूला मधली जागा द्यायचीच नाही. कबड्डीत साखळी जशी चढाईवाल्याला हळूहळू कोपऱ्यात ढकलत नेते, तसं त्याला मैदानाच्या कडेने उभ्या असलेल्या फळ्यांकडे रेटायचं आणि तिथे पक काढून घ्यायचा. गोल कमी व्हायचे. २-१, १-० असे निकाल. पहिले काही आठवडे आसपासची मंडळी कुरकुरत होती, आम्हालाही पक कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जायचा. नोव्हेंबर संपता संपता मात्र अख्खं स्टेडियम बचावाला टाळ्या वाजवायला शिकलं. कुणी पकच्या आडवं अंग टाकून फटका अडवला की गोल झाल्यासारखा गलका! आठ हजार माणसं एकाच वेळी एक खेळ शिकताहेत, हा अनुभव जुन्या संघाचं तिकीट घेऊन मिळत नाही.

आमच्या जागा कोपऱ्यात होत्या, काचेपासून थोड्या वर, आणि मी आजही त्याच सुचवेन. मधल्या महाग जागांवरून खेळाचा नकाशा छान दिसतो, पण फळ्यांवरची झटापट, स्केट्सच्या पात्यांचा खरखराट, बचावपटू एकमेकांना ओरडून काय सांगतात ते कोपऱ्यातच कळतं. आणि एव्हरेटचा खेळ तर कोपऱ्यातच चालायचा. गारठ्यासाठी जाड जाकीट आणि लहान मुलांना कानटोपी हवीच. शाकाहारी माणसाने पॉपकॉर्न, नाचोज आणि फ्राइज यांच्यापलीकडे आशा ठेवू नये, घरून जेवून निघावं. घरचे सामने तेव्हा ३६, आणि मंगळवार-बुधवारचे सामने शाळेच्या मुलांना जड जातात. ते आम्ही मंडळातल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतले. पूर्ण तिकीट दोन घरांत मिळून घेणं हाच शहाणपणाचा मार्ग, कारण एकट्या घराला सगळे सामने होत नाहीत. प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) तिकिटं वेगळी घ्यावी लागली, पण आपली खुर्ची आधी आपल्यालाच विचारली गेली.

आणि त्या वर्षी प्लेऑफ काय होते! स्पोकेन आणि व्हँकुव्हरला हरवून कॉन्फरन्स फायनलला (लीगच्या आपल्या अर्ध्या भागाच्या अंतिम फेरीला) समोर केलोना रॉकेट्स: आदल्या वर्षीचे विजेते, संघात शे वेबर आणि जॉश गॉर्जेससारखे पुढे एनएचएल गाजवणारे बचावपटू. सात सामन्यांच्या मालिकेत एव्हरेट ३-१ ने मागे पडलं आणि मग ओळीने तीन सामने जिंकून फायनलमध्ये गेलं. बाहेरचे सामने आम्ही रेडिओवर ऐकायचो, मुलगी गृहपाठाची वही मांडीवर उघडी ठेवून. फायनलला मेडिसिन हॅट टायगर्सने ४-० असं निर्विवाद हरवलं. यजमान म्हणून मेमोरियल कपमध्ये (कॅनडाच्या ज्युनियर लीगांच्या विजेत्यांची स्पर्धा) खेळलेल्या त्याच केलोनाने नंतर तो करंडक जिंकला, यावरून आमच्या पोरांनी कुणाला बाहेर काढलं होतं ते कळावं.

आता न आवडलेलं. सोळा-सतरा वर्षांची मुलं हातमोजे टाकून मारामारी करतात आणि प्रेक्षक उभे राहतात, याची मला कधीच सवय झाली नाही. त्याहून जास्त लागतं ते खेळाडूंचं ट्रेडिंग, म्हणजे संघांनी आपसात केलेली अदलाबदल. ज्याचं नाव मुलीने शर्टावर लिहून घेतलंय, तो मुलगा जानेवारीतल्या एका सकाळी हजार किलोमीटरवरच्या संघात. शाळा बदलली, ज्या बिलेट कुटुंबात (बाहेरगावच्या खेळाडूला आपल्या घरी ठेवणारं स्थानिक कुटुंब) घरच्या मुलासारखा राहत होता ते घरही सुटलं. लीग एका हंगामामागे एका वर्षाची कॉलेजची फी देते हे खरं, पण आईवडिलांच्या नजरेने पाहिलं की हा भाग जड जातो. पूर्वी इथे खेळलेल्या मुलाला अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं, हे फार बरं झालं.

पुढच्या हंगामांबद्दल थोडक्यात. पीटर म्युलर, गोलकीपर लीलंड अर्व्हिंग, झॅक हॅमिल ही एव्हरेटनेच घडवलेली मुलं, तिघंही एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत गेली. २००६-०७ मध्ये संघाने ५४ सामने जिंकून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, हॅमिल लीगमध्ये सर्वाधिक वैयक्तिक गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवणारा ठरला, आणि तरी दुसऱ्या फेरीत प्रिन्स जॉर्जने बाहेर काढलं. त्या उन्हाळ्यात कॉन्स्टंटाइनही गेले. ज्या जायंट्सनी १३ विजयांनी सुरुवात केली, ते मात्र पाचव्याच वर्षी लीगचे विजेते झाले आणि २००७ ला मेमोरियल कपही घेऊन गेले. तेव्हा पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून संघाला नापास करू नका.

चिलिवॅकवाल्यांना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. तुमच्या गावात २००६ ला याच लीगचा ब्रुइन्स नावाचा नवा संघ आला होता आणि पाच हंगामांनी तो उचलून व्हिक्टोरियाला नेला गेला. त्यामुळे तिकीट घेण्याआधी खेळाडूंची यादी पाहण्यापेक्षा मालक कोण, त्यांचा स्टेडियमशी करार किती वर्षांचा, आणि प्रशिक्षक कोण, हे विचारा. उत्तरं पटली तर पहिल्याच वर्षी घ्या. हंगामाआधीच्या सराव सामन्याला एकदा मुलांना घेऊन जा, कोपऱ्यातल्या दोन-तीन जागांवर बसून पाहा, आणि मगच रांग व नंबर ठरवा.